डेप्युटीला उतार लागतो

गाथोगो म्वालिमूंना राग यायला एरवीही फारसं कारण लागत नसे. पण त्या जानेवारीत कारणं रांग लावून उभी होती, आणि रांगेत सगळ्यात पुढे तो ट्रॅक्टर होता.

म्वालिमू म्हणजे मास्तर. गाथोगोंनी सारा जन्म शाळेत घालवला आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं ते उपमुख्याध्यापक होते. मुख्याध्यापक आले आणि गेले, गाथोगो ‘उप’च्या खुर्चीवरून हलले नाहीत. हा विषय घरात काढायचा नाही असा नियम होता. कारुंगू गावाला मात्र हा नियम कुणी कळवलेला नव्हता. ट्रॅक्टर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावाने त्याचं नाव ‘डेप्युटी’ ठेवलं. का, तर आवाज मोठा, धूर भरपूर आणि काम दुसऱ्यांनी करायचं.

खरं तर प्रकरण एवढंसंच होतं. घरामागच्या रानातलं गवत पावसाच्या आत कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे आणि माळ्यावर टाकायचे. किनांगोपच्या पठारावर हे काम सगळेच करतात आणि करून झाल्यावर त्याबद्दल बोलतही नाहीत. पण मागच्या वर्षी गाथोगोंचं गवत भिजलं, काळं पडलं, आणि कारेंबो गाईने त्याला तोंड लावायचं नाकारलं. कारेंबो वांजुगूची, म्हणजे बायकोची. तिच्या आईने लेकीला दिलेली. उन्हाळ्यात वांजुगूचा भाऊ ओल कालोऊ गावाहून आला, चहा प्यायला, मग गोठ्यात जाऊन गाईच्या अंगावरून बोटं फिरवत म्हणाला, “ताई, आईने तुला ही गाय दिली तेव्हा हिला बरगड्या नव्हत्या.”

त्या रात्री वांजुगूने नवऱ्याला सांगितलं, “न्याकिओचे बाबा, यंदा गवत भिजलं तर कारेंबो माझ्या भावाकडे जाईल. दोरी मी स्वतः धरून नेईन.”

वांजुगू कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसे. आपली गाय मेहुण्याच्या गोठ्यात उभी आहे आणि मेहुणा आपल्याला तिच्या दुधाचा चहा पाजतो आहे, या नुसत्या कल्पनेने गाथोगोंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

यावर सरळ उपाय होता सावडीचा. आज सगळ्यांनी माझ्या रानात विळे घेऊन यायचं, पुढे मी एकेकाच्या रानात जाऊन तो दिवस फेडायचा. सावडीचं आवतण तोंडाने द्यावं लागत नाही. मालकाने बांधावर उभं राहून स्वतःच्या हाताने आंबिलीची वाटी पुढे करायची, समोरच्या एकाने उभ्यानेच प्यायची, झालं साऱ्या सावडीला आवतण. पण गाथोगोंनी सावडीचं नाव टाकलं होतं. मागे एकदा ते दिवस फेडायला शेजारच्या किबुकूच्या रानात गेले होते, तेव्हा सगळी रांग पुढे निघून गेली आणि हे एकटेच मागे, खडूने फळ्यावर रेघा ओढाव्यात तसे जपून जपून विळा फिरवत राहिले. किबुकूची बायको लांबून ओरडली होती, “म्वालिमू, गवताला उत्तर पाठ येत नाही वाटतं!” त्यावर बाया हसल्या होत्या. ते हसणं गाथोगोंच्या कानातून गेलं नाही. पुन्हा कुणाच्या रानात विळा घेऊन उभा राहणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली, आणि शपथ पाळायची म्हणून ट्रॅक्टर घेतला.

पायरेथ्रमच्या फुलांचा एक मळा मोडीत निघाला, त्याच्या लिलावात तो मिळाला. तेव्हा आपण हात वर केला तो बोली लावायलाच, माशी हाकलायला नव्हे, असं गाथोगो पुढे अनेकांना ठणकावून सांगत. ट्रॅक्टर त्यांच्याच वयाचा असावा. बसायच्या जागी बटाट्याचं पोतं बांधलेलं. किल्ली होती, पण फिरवायला काही नव्हतं. स्टार्टर काढून कुणी कधी नेला ते मळ्याच्या राखणदारालाही ठाऊक नव्हतं. मागे गवत कापायचा दांडा होता, करवतीसारख्या दातांचा, आणि म्हातारपणी राहतात तितके दात त्याला राहिलेले होते. सोबत गठ्ठे बांधायची लाकडी पेटी मिळाली. तिच्यात गवत भरायचं, एकाने आत उभं राहून तुडवायचं, मग सुतळी आवळून गठ्ठा बाहेर काढायचा.

“इंजिन चांगलं आहे,” फुंडी कारुगाने निदान केलं. फुंडी म्हणजे मिस्त्री, आणि कारुगा हा गावातला एकुलता एक असल्यामुळे त्याचं निदान शेवटचं असे. “फक्त ढकलून सुरू करायचं. उतारावर सोडायचा, वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. एकदा सुरू झाला की बघायला नको.”

बघायला नको हे खरंच होतं. पहिल्या दिवशी रानाच्या वरच्या टोकाकडून डेप्युटीला सोडलं. तो अजिबात आवाज न करता निघाला, अजिबात आवाज न करता कुंपण मोडून गेला आणि किबुकूच्या बटाट्यांच्या वाफ्यात जाऊन थांबला.

आता किबुकूबद्दल सांगायला हवं. किबुकू आणि गाथोगो यांची सुंता एकाच पहाटे, एकाच नदीच्या गार पाण्यात उभं राहून झालेली. अशा दोघांना एकमेकांचे ‘वाकिनी’ म्हणतात. वाकिनी काहीही बोलू शकतो, कशावरूनही चिडवू शकतो, आणि त्याच्यावर रागवायचं नसतं. गाथोगोंसारख्या माणसाला ही फार मोठी शिक्षा होती. साऱ्या जगात ज्या एका माणसावर रागवायची त्यांना बंदी होती, तोच नेमका शेजारी राहायला होता.

किबुकू कुंपणाच्या तुटक्या खांबाला टेकून उभा राहिला. “वाकिनी, माझे बटाटे काढायला मी तुला बोलावलं नव्हतं.”

“ब्रेक लागले नाहीत.”

“लागले की. माझ्या बटाट्यांना लागले.”

गाथोगोंनी दात आवळले आणि बटाटे भरून दिले.

रानात उतार पुरेसा लांब नव्हता. लांब उतार म्हणजे वरचा लाल मातीचा रस्ता, आणि रस्ता म्हटला की असिस्टंट चीफ म्बुथिया आला. हा गावचा सरकारी कारभारी आणि गाथोगोंचा जुना विद्यार्थी. भूगोलाच्या तासाला त्याने बराच मार खाल्ला होता, आणि तो ते विसरला नसावा. गाथोगो परवानगी मागायला त्याच्या कचेरीत गेले.

“बसा म्वालिमू. रस्ता सरकारचा आहे.”

“ठाऊक आहे. मीच शिकवलंय तुला.”

“इंजिन बंद असेल तर ते वाहन होत नाही. ते सामान झालं. सामान रस्त्यावर सोडता येत नाही.”

“अरे, सुरू करायलाच तर रस्त्यावर न्यायचंय!”

“सुरू झालं की वाहन. मग आधी ब्रेक दाखवा.”

“ब्रेक बघायला ते आधी चालायला नको का?”

“बघा,” म्बुथिया समाधानाने म्हणाला, “अडचण तुमची तुम्हीच सांगितलीत.”

गाथोगोंचा हात सवयीने टेबलावर छडी शोधू लागला. तिथे छडी नव्हती, नाहीतर त्या कचेरीचा कारभार त्या दिवशी बराच सुधारला असता. शेवटी म्बुथियाने मेहेरबानी केली. यंत्रापुढे एका जबाबदार माणसाने लाल फडकं घेऊन चालावं, म्हणजे लोक बाजूला होतील. जबाबदार म्हणजे मालक.

“चालावं?” गाथोगो ओरडले. “ते उतारावरून येणार आहे!”

“मग पळावं,” म्बुथिया म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

डेप्युटीला रस्त्याच्या माथ्यावर न्यायला गाचिरूच्या आईची दोन गाढवं लागली. या विधवा बाईची गाढवं एरवी बाजाराला बटाटे वाहायची. बाई त्यांच्याशी माणसांसारखी बोले आणि माणसांशी गाढवांसारखी. “म्वालिमू, मागून ढकला, नुसते उभे काय राहता? माझी पोरं एकटी ओढणार का तुमच्या डेप्युटीला?” चार शेजारी मागून ढकलायला आले, त्यांना बघायला आणखी आठ आले. गाढवांनी ओढलेला ट्रॅक्टर बघायची संधी रोज कुठे मिळते?

आणि मग उपमुख्याध्यापक गाथोगो, अंगात जुना कोट, हातात बायकोचं डोक्याला बांधायचं लाल फडकं, स्वतःच्या ट्रॅक्टरपुढे पळाले. यात सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे मागून आवाज येत नव्हता. डेप्युटी कुठवर आला आहे हे फक्त समोरून दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावरून समजत होतं. बाया पटापट बांधावर चढल्या. पोत्यावर बसलेला कारुगा ओरडला, “म्वालिमू, जरा जोरात! एवढ्या वेगावर दुसरा गिअर नाही पकडत!”

गाथोगो जोरात पळाले. डेप्युटी दोनदा ठसकला, काळा धूर ओकला आणि सुरू झाला.

रानात शिरून कारुगाने दांडा खाली टाकला आणि गवत खरोखर कापलं जाऊ लागलं. हिरवा पट्टा आडवा होत गेला, ताज्या गवताचा वास सुटला. गाथोगो फडकं हातात धरून बघत राहिले. अर्धा पट्टा होईपर्यंत ते खूश होते, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. मग दांडा घुशीने उकरलेल्या ढिगात रुतला आणि डेप्युटी बंद पडला.

पुन्हा गाढवं, पुन्हा शेजारी, पुन्हा माथा, पुन्हा फडकं.

त्या इंजिनात जीवच नव्हता. चढावर दांडा खाली टाकला की बंद, दाट गवत आलं की बंद, घुशीचं घर आलं की बंद, आणि त्या रानात घुशींनी एक अख्खं गाव वसवलेलं होतं. रोज सकाळी बांधावर सल्लागार जमू लागले. सल्ला द्यायचा तर कष्टही करावे असा कुणाचा आग्रह नव्हता.

“वाकिनी, दांडा वर उचलून चालव,” किबुकू म्हणाला. “अजिबात बंद पडत नाही.”

“दांडा वर उचलला तर गवत कसं कापेल?”

“ते नाही कापणार. पण बंद पडत नाही.”

गाचिरूच्या आईचं म्हणणं, ओढायचं गाढवांनीच असेल तर मधला ट्रॅक्टर काढून टाकावा. कुणी म्हणालं, डेप्युटीला बढती द्या, काम करेल. यावर गाथोगोंनी मागे वळून शाळेतल्या आवाजात “कोण बोललं ते?” असं विचारलं. अख्खा बांध शाळेतल्यासारखाच गप्प बसला आणि पाठ फिरताच शाळेतल्यासारखाच हसला.

ढकलणाऱ्यांना उपाशी पाठवता येत नाही. वांजुगू रोज मोठं भांडं भरून आंबील करून बांधावर आणू लागली. हेही गाथोगोंना खटकत होतं. सावडीला घातलं असतं तेवढं अन्न आता यंत्र सुरू करण्यात जात होतं. त्यातल्याच एका दुपारी, फडकं घेऊन पळून पळून त्यांच्या छातीचा भाता झाला असताना, किबुकूने तोंडाचा पट्टा सोडला. लाल फडकं म्वालिमूंच्या रंगाला शोभून दिसतं, डेप्युटीला पाठीमागचं माणूस लागतं तसं आता पुढचंही लागतं, असं बरंच काही. गाथोगोंचा संयम सुटला. त्यांनी वांजुगूच्या हातातली भोपळ्याची वाटी हिसकावली, भांड्यात बुडवली आणि किबुकूच्या नाकासमोर धरली.

“घे! ढोस! आणि तोंड बंद ठेव!”

बांधावरच्यांनी माना वळवल्या. किबुकूने वाटीकडे पाहिलं, मग गाथोगोंकडे. दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि उभ्यानेच, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. वांजुगू भांड्यात काहीतरी पडल्यासारखी खाली बघत राहिली. लोक एकेक करून निघून गेले. आपला आवाज अजून चालतो, असं गाथोगोंना वाटलं आणि त्यांना त्या दिवशी चांगली झोप लागली.

जानेवारीत इथे पाऊस पडत नाही, असं शेतकी खात्याचा माणूस सांगून गेला होता. ढगांना ते कुणी सांगितलं नसावं. दोन दिवसांनी सकाळीच डोंगराच्या माथ्यावर काळं जमायला लागलं. अर्धं गवत कापून, वाळून पसरलेलं, अर्धं अजून उभं. गाथोगो फडकं घेऊन इतके जोरात पळाले की कारुगाने तक्रारच केली नाही. डेप्युटी सुरू झाला, रानात शिरला, दांडा खाली पडला, आणि इंजिनात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. खालून तेल वाहू लागलं.

कारुगाने टोपी काढली. “म्वालिमू, आता याला उताराचाही उपयोग नाही.”

गाथोगोंनी डेप्युटीला लाथ मारली. लोखंड ते लोखंड. पाय धरून ते कापलेल्या गवतावर बसले आणि शिव्या देऊ लागले. ट्रॅक्टरला दिल्या, लिलावाला दिल्या, म्बुथियाला, घुशींना, शेतकी खात्याला, आणि सरतेशेवटी, कुणी ऐकत नाहीसं बघून, स्वतःला दिल्या. तेवढ्यात घरातून वांजुगू आली. तिने डोंगराकडे पाहिलं, बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, गोठ्यात गेली आणि कारेंबोची दोरी घेऊन बाहेर आली. बायकोच्या तोंडून निघणाऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा ती दोरी गाथोगोंना जास्त लागली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही त्यांना राग आला.

आणि मोडक्या कुंपणातून किबुकू आत आला. हातात विळा. मागे त्याची बायको, तिच्या मागे गाचिरूची आई गाढवांसकट, मग ढकलणारे, बघणारे, सल्ले देणारे, सगळे विळे घेऊन.

“थांबा!” गाथोगो उठले. “मी कुणालाही बोलावलेलं नाही!”

“मला बोलावलंस की,” किबुकू म्हणाला. “बांधावर. स्वतःच्या हाताने. उभ्याने प्यायलो मी, विचार कुणालाही.”

“ते... ते तोंड बंद करायला दिलं होतं!”

“वाटी देताना मनात काय होतं ते वाटीला कळत नाही, वाकिनी. बाजूला हो, ढग येतोय.”

गाथोगोंनी वांजुगूकडे पाहिलं. ती भलतीकडेच बघत होती. हिला हे परवापासून ठाऊक होतं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आधीच्या सगळ्या रागांवर हा एक नवाकोरा राग चढला. पण रांग लागलीसुद्धा होती. विळे फिरत होते, मागे बाया वाळलेलं गवत गोळा करत होत्या, गाढवं वाहत होती. ओलं गवत वेगळं छपराखाली पसरायला जात होतं. गठ्ठ्यांच्या पेटीत उतरायला कुणी रिकामं नव्हतं.

गाथोगो बूट काढून पेटीत उतरले आणि तुडवू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा राग कुणाच्या तरी उपयोगी पडत होता. पहिला गठ्ठा इतका घट्ट निघाला की कारुगाने त्यावर टकटक करून पाहिलं. दुसरा जरा सैल निघाला.

“वाकिनी,” किबुकूने रांगेतून हाक मारली, “तुझ्या नंतर लागलेला तो पोरगा मुख्याध्यापक कसा झाला रे?”

तिसरा गठ्ठा दगड निघाला. मग गावाला युक्ती सापडली. गठ्ठा सैल दिसला की रांगेतून कुणीतरी एखाद्या मुख्याध्यापकाची आठवण काढी, आणि पेटीत धरणीकंप होई. आठवणी संपल्या तेव्हा किबुकूच्या बायकोने मेहुण्याच्या गोठ्यात मिळणाऱ्या कारेंबोच्या दुधाच्या चहाचा विषय काढला, आणि त्यावर शेवटचे सगळे गठ्ठे झाले.

शेवटचा गठ्ठा माळ्यावर गेला आणि पत्र्यावर पावसाचा ताशा सुरू झाला. सगळे छपराखाली दाटीवाटीने उभे राहिले. वांजुगूने गोठ्यात जाऊन दोरी खुंटीला परत अडकवली. येताना तिने गाथोगोंच्या केसांतल्या गवताच्या काड्या काढल्या, सगळ्यांसमोर. गाथोगोंना काय बोलावं सुचेना, म्हणून ते रागावले.

“बरं, ठीक आहे!” ते सगळ्यांवर खेकसले. “झाली सावड. मी कुणाचे उपकार ठेवत नाही. कारुगा इंजिन दुरुस्त करेल, मग डेप्युटी एकेकाच्या रानात पाठवतो. सगळ्यांचे दिवस फिटतील.”

छपराखालचे सगळे किबुकूकडे बघू लागले. पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

“नको,” किबुकू म्हणाला. “डेप्युटीने पुष्कळ केलं. आंबील तू दिलीस, दिवस तूच फेड. सोमवारी माझ्याकडे. विळा घेऊन ये.”

सोमवारी गाथोगो गेले. कोट घालून गेले. किबुकूच्या रानाच्या पायथ्याशी लोकांची रांग लागली होती. तीही मधोमध, जिथे सगळ्यांना दिसेल अशी त्यांची जागा ठेवून. गाथोगोंनी विळा काढला, वाकले, आणि कंबरेत कळ आली म्हणून जरा थांबले.

किबुकूच्या बायकोने लगेच हेरलं. “अगं बायांनो, म्वालिमूंना खालून काय सुरू करताय? वर न्या त्यांना, माथ्यावर! उतार लागतो!”

रांग हसून हसून आडवी झाली. दोघीतिघींनी खरोखरच त्यांना दंडाला धरून माथ्यावर नेलं, एकजण पाठीला हात लावून ढकलायलाही आली, मागोमाग सगळी रांग वर चढली, आणि किबुकूने कुठून तरी लाल फडकं काढून समोर हलवलं.

गाथोगोंचा चेहरा फडक्याच्या रंगाचा झाला. त्यांनी विळा असा चालवला की समोरचे बाजूला झाले. रागाने कापत सुटले, बघता बघता रांगेच्या पुढे गेले आणि अर्ध्या उतारापर्यंत कुणालाच गाठता आले नाहीत. श्वास फुलला, कंबर बोलू लागली, घाम डोळ्यांत उतरला. पण ते थांबले नाहीत. थांबलो तर हे सगळे मिळून गाढवं आणतील, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.